दाराशेजारचा गाड्यांचा लाइव्ह इंडिकेटर, घरीच केलेला

रूळरेषा

मंडळी नमस्कार. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो, आज वेळ काढलाच. गेले चार महिने रात्री सगळं आवरलं की मी एकाच गोष्टीच्या मागे लागलोय, आणि आता ती गोष्ट भिंतीवर लागलीय (फोटो आणि कोड सोबत जोडलाय).

सुरुवात अशी झाली की घरातून निघताना रोज तेच. एका हातात बॅग, दुसऱ्या हाताने मोबाईल काढायचा, अनलॉक करायचा, ॲप उघडायचं, स्टेशन निवडायचं, मधे एखादी जाहिरात, आणि एवढं करून कळतं की ज्या गाडीसाठी पळत निघणार होतो ती आज बारा मिनिटं उशिरा आहे. म्हटलं स्टेशनवर असतो तसा इंडिकेटर दाराशेजारीच का नको, मान वर केली की दिसलं पाहिजे, गाडी कुठली, कधी सुटणार, फलाट कुठला, रद्द तर नाही ना.

सामान फार नाही. रास्पबेरी पाय झीरो २ डब्ल्यू हा छोटासा कॉम्प्युटर, त्यात ५१२ एमबी रॅम असते आणि ती पुरते (कशी पुरवायची ते खाली लिहितो). डिस्प्ले ३.१२ इंची पिवळा ओलेड, २५६ बाय ६४ पिक्सेल, त्यावर एसएसडी१३२२ ही कंट्रोलर चिप. जोडायला सात वायरी, पॉवर, ग्राउंड, क्लॉक, डेटा, चिप सिलेक्ट, डेटा-कमांड आणि रिसेट, बस (अशा जोडणीला एसपीआय म्हणतात). एक गोष्ट आधीच सांगतो कारण माझे त्यात दोन दिवस गेले. हे मॉड्यूल बऱ्याचदा पॅरलल मोडमधे सेट केलेलं येतं, मागच्या बाजूला छोट्या रेझिस्टरच्या जागा असतात, त्यातला एक काढून शेजारच्या जागी सोल्डर केला की मगच ते एसपीआयवर बोलायला लागतं. तोवर स्क्रीन काळीच राहते आणि आपण आपला कोड तपासत बसतो.

सॉफ्टवेअर पायथनमधे. लुमा नावाची तयार लायब्ररी आहे, ती ही चिप ओळखते, आपण पिलो या पायथनच्या चित्रं काढायच्या लायब्ररीने एक चित्र काढायचं आणि तिच्या हवाली करायचं. पूर्ण चित्र म्हणजे ८ केबी, एसपीआय ८ मेगाहर्ट्झवर चालवली तरी साधारण ८ मिलिसेकंदात पोचतं, म्हणजे खालच्या ओळीत थांब्यांची नावं सरकवायची असतील तर गुळगुळीत सरकतात.

माहिती कुठून आणली हा खरा प्रश्न. बऱ्याच ठिकाणच्या वाहतूक संस्था आपलं वेळापत्रक जीटीएफएस नावाच्या फॉरमॅटमधे खुलं ठेवतात. यातला पहिला जी आधी गूगलचा होता, नंतर तो 'जनरल' झाला. एक झिप फाइल, आत साध्या टेक्स्ट फाइली, थांबे, मार्ग, फेऱ्या, प्रत्येक फेरीची प्रत्येक थांब्यावरची वेळ, कुठल्या दिवशी काय चालतं. हे झालं कागदावरचं वेळापत्रक. त्याच्या जोडीला जीटीएफएस रिअलटाइम, २०११ पासून आहे, त्यात आत्ता कुठली फेरी किती उशिरा आहे, कुठली रद्द आहे ते येतं, प्रोटोबफ या बायनरी फॉरमॅटमधे. पहिल्यावर दुसरं बसवलं की झाला इंडिकेटर. ऐकायला एवढंच आहे.

वेळापत्रकातली थांब्यांच्या वेळांची फाइल राक्षसी असते, अख्ख्या जाळ्याच्या लाखो ओळी. मी आधी ती सरळ मेमरीत उघडायला गेलो आणि कॉम्प्युटर गपगार. मग रात्री एकदा ओळीओळीने वाचून फक्त माझ्या स्टेशनवरून जाणाऱ्या फेऱ्या एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमधे टाकायला लागलो, आणि त्या दिवसापासून रॅमची तक्रार नाही. हे करताना दोन गोष्टी बघा. एक, जी गाडी आपल्या स्टेशनवर संपते तिची पण ओळ त्या फाइलीत असते, तिथे पिकअप टाइप १ (म्हणजे इथून चढता येत नाही) दिलेला असेल तर ती दाखवायची नाही, आणि तो दिलेला नसेल तर शेवटचा थांबा आपलाच आहे का ते बघून गाळायची. दुसरं, माझं स्टेशन म्हणजे एक आयडी नाही, प्रत्येक फलाटाचा वेगळा थांबा असतो आणि वर एक पालक स्टेशन, तेव्हा पालक धरून सगळे फलाट गोळा करायचे.

आता ज्यासाठी मुळात हा धागा काढला ते. दुसऱ्याच महिन्यात एका संध्याकाळी बोर्ड छान चालू होता, सगळ्या गाड्या "वेळेवर". बाबा तो बघून निघाले आणि स्टेशनवर पाऊण तास उभे राहिले, तिथे सगळंच ठप्प होतं. झालं असं होतं की फीड (म्हणजे ती रिअलटाइम माहिती) दर वेळी व्यवस्थित मिळत होती, एरर नाही काही नाही, पण आतली माहिती चाळीस मिनिटांपूर्वीची तीच तीच. मी बघत होतो मी कधी डाउनलोड केलं. बघायला हवं होतं फीडच्या डोक्यावर जो टाइमस्टॅम्प असतो तो, म्हणजे ही माहिती तयार कधी झाली. बाबा काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी बोर्डकडे न बघता मोबाईल काढला त्यांनी, ते मला जास्त लागलं.

तेव्हापासून माझा एकच नियम आहे, बोर्डाला जे माहीत नाही ते त्याने माहीत असल्यासारखं दाखवायचं नाही. बंद बोर्ड परवडला, माणूस मोबाईल बघेल. चुकीचं ठामपणे सांगणारा बोर्ड नको. म्हणून आता तीन अवस्था केल्यात. लाइव्ह माहिती आहे ती गाडी पूर्ण उजेडात. फक्त वेळापत्रकातली वेळ आहे, लाइव्ह काही आलेलं नाही, ती गाडी मंद (या चिपला उजेडाच्या १६ पायऱ्या आहेत, त्या इथे कामी आल्या) आणि तिच्यापुढे "वेळेवर" हा शब्द नाही. आणि टाइमस्टॅम्प तीन मिनिटांहून जुना झाला की सगळ्याच गाड्या मंद आणि खाली मोठ्याने "माहिती जुनी, ७ मि."

प्रश्न असतील तर विचारा, जमेल तसं लिहितो.

नवशिका

वा! मस्तच. वाचनखूण साठवली.

मी प्रोग्रामिंग थोडंफार शिकलोय, हार्डवेअर शून्य. मला एक सांगा, फीडच्या भानगडीत न पडता स्टेशनच्या वेबसाइटचं पानच दर मिनिटाला वाचून त्यातनं वेळा काढल्या तर? सोपं नाही का ते?

रूळरेषा

@नवशिका, सोपं वाटतं पण करू नका. पानाची रचना बदलली की आपला बोर्ड मुका, आणि ते लोकांनी बघायला केलेलं पान आहे, आपल्या यंत्राने दर मिनिटाला ठोठावायला नाही. खुली फीड असेल तर तीच घ्या, बहुतेक ठिकाणी नाव नोंदवून एक की (पासवर्डसारखा कोड) मिळते, अटी वाचा, मिनिटाला किती वेळा मागायची मुभा आहे ते त्यात लिहिलेलं असतं. मी ३० सेकंदाला एकदा मागतो, मधल्या काळात मिनिटं माझी मीच मोजतो. आणि एरर आली तर लगेच परत परत मागायचं नाही, थांबायचा वेळ दुप्पट दुप्पट करत जायचा. ती की कोडमधे लिहून कोड जगजाहीर करू नका, वेगळ्या फाइलीत ठेवा.

तारजोड

सुंदर काम. हार्डवेअरवाल्यांकडून थोडी भर.

पॉवर सप्लाय चांगला घ्या, ५ व्होल्ट २.५ अँपिअरचा, आणि केबल आखूड जाड. अर्ध्या तक्रारी तिथेच संपतात. असा बोर्ड कोणी शटडाउन करत नाही, लोक सरळ स्विच बंद करतात, आणि नेमकं त्या क्षणी एसडी कार्डवर काही लिहिलं जात असेल तर कार्ड खराब व्हायची भीती असते. म्हणून सगळं नीट चालायला लागलं की सेटिंगमधे ओव्हरले फाइल सिस्टिम चालू करा, मग कार्ड फक्त वाचलं जातं, लिहिणं सगळं रॅममधे. वेळापत्रकाची डेटाबेस तेवढी वेगळ्या पार्टिशनवर ठेवा.

दुसरं वॉचडॉग. पायच्या चिपमधेच आहे, पंधराएक सेकंद सिस्टिमने हाक दिली नाही तर तो स्वतःच रिस्टार्ट मारतो. आणि तुमचा प्रोग्रॅम सिस्टिमडी (लिनक्समधे प्रोग्रॅम सुरू ठेवणारी व्यवस्था) सर्व्हिस म्हणून चालवा, पडला तर आपोआप उठेल असा. वायफाय मधूनच झोपी जात असेल तर त्याचं पॉवर सेव्हिंग बंद करून बघा, मला तरी त्यानेच गुण आला.

आणि घड्याळाचं काय केलंत? झीरोमधे स्वतःचं घड्याळ नाही. लाइट जाऊन आली आणि इंटरनेट यायला वेळ लागला तर त्याला वाटतं आपण अजून मगाचच्याच वेळेत आहोत. मग "पुढची गाडी" सगळी चुकीची.

रूळरेषा

@तारजोड, ओव्हरले माहीत नव्हतं, आजच करतो. घड्याळाचं तुमचं बरोबर आहे, माझा बोर्ड वेळ सिंक झाल्याची खात्री होईपर्यंत एकही गाडी दाखवत नाही, नुसतं "वेळ जुळवत आहे" येतं. पुढे डीएस३२३१ या घड्याळाच्या चिपचं मॉड्यूल लावायचा विचार आहे, त्याची चूक वर्षाला मिनिटभराच्या आसपास असते, एवढ्याशा कामाला भरपूर झालं.

अक्षरवेडी

मला तुमचा फोटो बघून सगळ्यात जास्त आनंद कशाचा झाला सांगू, बोर्ड मराठीत आहे! पण जवळून बघा, दुसऱ्या ओळीत "स्थानक" लिहिलंय त्यातला स्थ तुटलाय, स ला हलंत दिसतोय आणि थ वेगळा. आणि "मिनिटं" मधल्या वेलांट्या अक्षराच्या पुढे जाऊन बसल्यात, म आधी आणि मग वेलांटी. हे डोळ्याला फार खुपतं हो.

कारण असं आहे की युनिकोडमधे ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या नंतर साठवलेली असते, ती आधी काढायची हे काम अक्षरजुळणी करणाऱ्या सॉफ्टवेअरचं असतं. पिलोची साधी जुळणी ते करत नाही. तिला रॅकम नावाची लायब्ररी जोडीला लागते, जी आत हार्फबझ वापरते. पिलोमधेच विचारता येतं रॅकम आहे का म्हणून, नाही म्हणाली तर सिस्टिममधे ती लायब्ररी टाका आणि फॉन्ट उघडताना लेआउट इंजिन रॅकम द्या. जोडाक्षरं, रफार, वेलांट्या सगळं जागेवर येईल.

आणि चार ओळींचा हट्ट सोडा असं मी म्हणेन. ६४ पिक्सेलमधे चार ओळी म्हणजे एका ओळीला १६, रोमन अक्षरांना ते भरपूर झालं पण आपल्याकडे शिरोरेघेच्या वर मात्रा, अनुस्वार, रफार आणि खाली उकार. "र्कें" सारखं काही आलं की वरची ओळ आणि खालची ओळ एकमेकींत घुसतात. तीन ओळी, प्रत्येकीला २१, आणि कडा मऊ करणारं स्मूदिंग लहान आकारात बंद, मग अक्षर कोरीव दिसतं. 'मुक्त' नावाचा फॉन्ट किंवा नोटो सान्स देवनागरी घेऊन बघा, जरा जाड वजनाचा घ्या, बारीक वजन या स्क्रीनवर विरघळून जातं.

रूळरेषा

ताई तुम्ही म्हणालात ते सगळं केलं. रॅकम नव्हतीच. टाकली, आणि "मिनिटं" नीट उमटलं. तीन ओळीही केल्या. बायको म्हणाली आता लांबूनही वाचता येतं. स्टेशनांची नावं फीडमधे मराठीत नाहीत, मी एक तक्ता हाताने केलाय, माझ्या मार्गावरची चाळीसएक नावं, एका संध्याकाळचं काम. जे नाव तक्त्यात नाही ते फीडमधे आहे तसं दाखवतो, अंदाजाने लिप्यंतर करत नाही.

खिडकीपाशी

मी असाच बोर्ड ई-पेपरवर केलाय, साडेसात इंची, ८०० बाय ४८०. जागा भरपूर त्यामुळे देवनागरी अगदी छापील पुस्तकासारखी दिसते, रात्री खोलीत उजेड पसरत नाही, ओलेडसारखं अक्षर जळून कायमचं उमटून राहायची भीती नाही. पूर्ण रिफ्रेशला काही सेकंद लागतात आणि तेवढा वेळ काळापांढरा लखलखाट होतो, म्हणून मी मिनिटाला एकदाच बदलतो आणि बदललेला भागच. सरकणाऱ्या ओळी विसरायच्या. मला तरी ई-पेपरच आवडतो.

रूळरेषा

@खिडकीपाशी, दिसायला तुमचाच उजवा आहे यात वाद नाही. पण माझ्या नियमात एक अडचण येते. ई-पेपर वीज गेली तरी चित्र धरून ठेवतो, तेच त्याचं कौतुक. म्हणजे कॉम्प्युटर सकाळी पावणेनऊला अडकला तर दुपारी पण तिथे पावणेनऊच्याच गाड्या, एकदम ताज्या असल्यासारख्या. ओलेडची वीज गेली तर निदान अंधार होतो. तुम्ही यावर काय केलंत?

खिडकीपाशी

हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता खरं सांगायचं तर. वर कोपऱ्यात बारीक अक्षरात "शेवटचं अपडेट" आहे पण ते कोण वाचतं.

आता असं करतो, वरती मोठं घड्याळ काढतो. ते माणसाच्या हातातल्या घड्याळाशी जुळत नसेल तर लगेच कळेल की बोर्ड अडकलाय. आणि "७ मि." असं लिहिण्याऐवजी सुटायची वेळच लिहितो, "८:५२". बोर्ड मेला तरी ८:५२ हे वाक्य खोटं होत नाही, "७ मिनिटांत" हे पुढच्याच मिनिटाला खोटं होतं.

तारजोड

हे फार पटलं. +१

कोरडासेल

मला उलट मिनिटंच आवडतात. दारातून निघताना डोक्यात वजाबाकी कोण करणार. गाड्या दर चार-पाच मिनिटांना असतील तर वेळेला अर्थच नाही, तासाला एक असेल तर वेळ हवी. ज्याच्या त्याच्या मार्गावर आहे ते.

माझा बोर्ड एलईडी पॅनेलचा, ६४ बाय ३२ ची दोन शेजारी शेजारी, ज्याला हब७५ म्हणतात ते. हॉलच्या दुसऱ्या टोकावरून वाचता येतो. पण लक्षात घ्या, त्या पॅनेलला स्वतःची मेमरी नाही, कॉम्प्युटरने सतत ओळीमागून ओळ रंगवत राहायचं, जरा दुसऱ्या कामात गुंतला की लुकलुकतं. पायवर त्यासाठी आवाजाचं हार्डवेअर बंद करावं लागतं, दोघांना एकच टायमर हवा असतो. आणि एक पॅनेल पूर्ण पांढरं पेटवलं तर ४ अँपिअरपर्यंत ओढतं, तेव्हा वेगळा ५ व्होल्टचा सप्लाय, पायच्या पिनांवरून वीज घ्यायची नाही म्हणजे नाही.

मिनिटांबद्दल एक मात्र. ७ मिनिटं ५० सेकंद असतील तर ७ दाखवा, ८ नाही. राउंड करू नका, खाली उतरवा. एक मिनिट आधी पोचलं तर बिघडत नाही, दहा सेकंद उशिरा पोचलं तर गाडी गेली. आणि घरापासून फलाटापर्यंत चालायला ९ मिनिटं लागत असतील तर ९ च्या आतल्या गाड्या मी मंद करतो, त्या आता आपल्या नाहीत.

रूळरेषा

@कोरडासेल, खाली उतरवायचं आणि चालायच्या मिनिटांचं, दोन्ही उचललं. आता माझ्याकडे वेळ आणि मिनिटं दोन्ही आहेत, वेळ डावीकडे मिनिटं उजवीकडे, आणि माहिती जुनी झाली की मिनिटं जातात, वेळ राहते. खिडकीपाशींचा विचारच आहे हा.

नवशिका

मी सुरुवात केली! ईएसपी३२ हा छोटा वायफायवाला मायक्रोकंट्रोलर बोर्ड होता घरात पडलेला त्यावर. फीड उतरवायला गेलो तर मेमरी संपते. अख्खी फीड ३ एमबीची आहे आणि या बोर्डात ५२० केबी. काय करावं?

दुसरा प्रश्न, लॅपटॉपवर चालवून बघितलं तेव्हा एक गाडी माझ्याकडे वेळेवर दिसत होती आणि स्टेशनवर प्रत्यक्षात सहा मिनिटं उशिरा आली. फीड उघडून बघितली तर त्या गाडीत माझ्या स्टेशनचा उल्लेखच नाही, तिच्या आधीच्या तीन स्टेशनांचाच आहे. फीड अर्धवट आहे का?

रूळरेषा

@नवशिका, दुसऱ्याचं आधी, कारण यात मी पण अडकलो होतो आणि याचं उत्तर नियमावलीतच आहे. फीड अर्धवट नाही. एका फेरीच्या अपडेटमधे सगळे थांबे दिलेच पाहिजेत असं नाही. एखाद्या थांब्यावर ३६० सेकंद उशीर दिला आणि पुढच्यांबद्दल काही नाही, तर तोच उशीर पुढच्या सगळ्या थांब्यांना लागू धरायचा, नवीन अपडेट असलेला थांबा येईपर्यंत. म्हणजे आपला थांबा सापडला नाही तर फेरीच्या क्रमाने मागे मागे जायचं आणि आपल्या आधीचा जो शेवटचा थांबा दिलाय त्याचा उशीर घ्यायचा. त्यासाठी थांब्याचा क्रमांक डेटाबेसमधे ठेवावा लागतो, मी आधी तो गाळला होता.

यात अजून एक बारकावा. एखादी फेरी फीडमधे अजिबातच नसेल तर तिचा अर्थ वेळेवर असा नाही आणि रद्द असाही नाही. तिच्याबद्दल लाइव्ह माहिती नाही एवढाच. रद्द असेल तर रद्द म्हणून स्पष्ट लिहून येते. माझ्या मंद अवस्थेचं मूळ हेच. आणि "हा थांबा वगळला" असाही एक प्रकार असतो, गाडी धावते पण आपल्याकडे थांबत नाही, तो विसरलात तर माणूस फलाटावर उभा आणि गाडी समोरून जाणार.

ईएसपी३२ वर सगळं कोंबू नका. घरात चोवीस तास चालू असलेला कुठला कॉम्प्युटर असेल तर त्याने फीड वाचायची, हिशोब करायचा आणि पुढच्या पाच गाड्यांचा छोटा जेसन (साध्या टेक्स्टमधली माहिती) तयार ठेवायचा, ईएसपी३२ ने फक्त तो एक-दीड केबी आणून दाखवायचा. फक्त त्या जेसनमधे फीडचा मूळ टाइमस्टॅम्प पण पाठवा, नाहीतर मधला कॉम्प्युटर अडकला तर टोकाच्या बोर्डाला पत्ताच नाही.

अक्षरवेडी

@नवशिका, मराठी दाखवायचं असेल तर ईएसपी३२ वर जोडाक्षरांची जुळणी होणं अवघड आहे. त्यापेक्षा मधल्या कॉम्प्युटरवरच ओळीचं काळंपांढरं चित्र करून पाठवा. २५६ बाय २१ ची एक ओळ म्हणजे ६७२ बाइट, काहीच नाही. माझा अनुभव सांगते, भाषेचं काम जिथे ताकद आहे तिथे करावं.

मध्यरात्र

माझी रात्रपाळी असते म्हणून विचारते, या बोर्डवर रात्री बारानंतरच्या गाड्या दिसतात का? मी तुमच्यासारखंच करून बघितलं आणि ११:५८ नंतर बोर्ड रिकामा. पहाटे पाचपर्यंत काही नाही. गाड्या तर असतात, मी रोज १:१० च्या गाडीने येते.

रूळरेषा

बघतो आज रात्री जागून. मी कधी त्या वेळेला बोर्ड बघितलाच नाही.

रूळरेषा

@मध्यरात्र, तुमच्यामुळे मोठी चूक सापडली, मनापासून आभार. रिकामाच होता माझाही.

कारण असं. जीटीएफएसमधे दिवस बारा वाजता संपत नाही. शुक्रवारच्या फेऱ्यांमधली शेवटची गाडी शनिवारी पहाटे १:१० ला सुटत असेल तर फाइलीत ती २५:१०:०० अशी लिहिलेली असते, आणि ती शुक्रवारच्या कॅलेंडरमधे मोडते, शनिवारच्या नाही. मी आजची तारीख घेऊन आजच्या फेऱ्या शोधत होतो, त्यामुळे बारा वाजले की शुक्रवार गायब आणि शनिवारच्या गाड्या पाचनंतर.

आता दर वेळी दोनदा शोधतो. आजच्या फेऱ्या नेहमीसारख्या, आणि कालच्या फेऱ्या घड्याळात २४ तास मिळवून. वेळ मोजताना पण मध्यरात्रीपासून मोजायची नाही, त्या दिवशीच्या दुपारच्या बारातून १२ तास वजा करून जो क्षण येतो तिथून मोजायची. जिथे घड्याळं वर्षातून दोनदा पुढेमागे करतात तिथे त्या दोन दिवशी तासाभराचा फरक पडतो, म्हणून नियमच तसा केलाय.

मध्यरात्र

केलं. १:१० दिसायला लागली! पण मंद दिसते, लाइव्ह नाही. आज आठ मिनिटं उशिरा होती, बोर्डला कळलं नाही. निदान "वेळेवर" म्हणाला नाही हे बरं, मी मोबाईल बघितला.

तारजोड

फेरीचा आयडी जुळतोय का बघा. वेळापत्रकाची नवी आवृत्ती आली की फेऱ्यांचे आयडी बदलतात आणि जुन्या डेटाबेसवर लाइव्ह काही बसतच नाही. माझ्याकडे एकदा सकाळी सगळ्याच गाड्या तशा झाल्या होत्या. रोज रात्री नवी फाइल आहे का विचारा, असेल तर डेटाबेस वेगळ्या नावाने बांधा आणि पूर्ण झाल्यावरच नाव बदला, त्याच डिस्कवर असेल तर नाव बदलणं एका झटक्यात होतं, बोर्डाला अर्धी डेटाबेस कधी दिसत नाही.

मध्यरात्र

आयडी जुळतोय. दिवसाच्या गाड्या नीट लाइव्ह आहेत. फक्त बारानंतरच्याच.

खिडकीपाशी

अपडेटमधे फेरीच्या आयडीसोबत सुरू होण्याची तारीख पण येते ना? ती कुठली आहे?

रूळरेषा

@खिडकीपाशी, बरोबर पकडलंत. तीच. १:१० च्या गाडीच्या अपडेटमधे तारीख कालची असते, कारण फेरी कालच्या दिवसाची. मी जुळवताना आजची तारीख लावत होतो. आता डेटाबेसमधून फेरी उचलतानाच ती कुठल्या दिवसाची म्हणून उचलली ते सोबत ठेवतो आणि तीच तारीख जुळवतो. कोड बदलून वर टाकलाय, @मध्यरात्र तुम्ही आज बघून सांगाल का.

सोबत अजून एक केलं, दाराजवळ हालचाल ओळखणारा पीआयआर सेन्सर लावला. कोणी आलं की बोर्ड उजळतो, दोन मिनिटं कोणी नसेल तर बंद. ओलेडचं आयुष्य वाढेल आणि एकच अक्षर एकाच जागी तासन्‌तास जळणार नाही.

कोरडासेल

सेन्सर झकास. रच्याकने, हे सगळं झालं की पत्र्यांच्या फडफडणाऱ्या बोर्डाचं कोणी मनावर घ्या. इटलीतल्या उदिने गावच्या सोलारी कंपनीचे असायचे स्टेशनांवर, एकेका अक्षराचं चाक आणि त्यावर पानं. घरी करायला स्वस्तातली स्टेपर मोटर, एका फेऱ्याला २०४८ पावलं टाकणारी, आणि शून्याची जागा ओळखायला चुंबकाचा सेन्सर, एवढ्यात एक चाक होतं. माझी दोन चाकं झालीत. मराठीसाठी मात्र अक्षर अक्षर करून चालणार नाही, जोडाक्षरं किती होतील, पानावर अख्खं स्टेशनचं नावच छापावं लागेल.

अक्षरवेडी

जुने स्टेशनांवरचे बोर्डही बऱ्याचदा तसेच असायचे, एका पानावर पूर्ण गावाचं नाव. तुम्ही करा, पानांची अक्षररचना मी करून देते.

मध्यरात्र

आत्ता घरी पोचले. निघायच्या आधी मुलाने घरून बोर्डचा फोटो पाठवला होता, १:१० ची गाडी पूर्ण उजेडात, पुढे "१:१६", फलाट ३. स्टेशनवर आली ती १:१६ लाच.